टायरची निवड आणि सुवर्णमध्य
स्पोर्ट्स कारला हिवाळी टायर घ्यावेत की बारमाही, हा प्रश्न वरवर तांत्रिक असला, तरी त्याच्या मुळाशी नीतिशास्त्रातला जुना वाद आहे. मधली वाट नेहमीच योग्य असते का? उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली ताठरू लागते. हिवाळी टायरचे मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फावर पकड घेतात. बारमाही टायर दोन्ही ऋतू निभावतो, पण दोन्हींत थोडा उणा पडतो. ताकदवान, वेगवान गाडीत हा उणेपणा लवकर जाणवतो. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर पर्वत आणि हिमकणाचे चिन्ह असलेले टायर सक्तीचे आहेत; हे चिन्ह असलेले बारमाही टायरही कायद्याला चालतात. तेव्हा निवड विवेकावर येते. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते सद्गुणाचा मध्य म्हणजे गणिती सरासरी नव्हे. तो व्यक्ती आणि प्रसंग पाहून ठरतो. मल्लाला कमी पडणारा आहार नवशिक्याला जास्त होतो. या कसोटीवर आल्प्सच्या घाटांत हिवाळी टायर हाच मध्य ठरतो, तर क्वचित बर्फ पडणाऱ्या सखल शहरात बारमाही टायर. मात्र ब्रेक उशिरा लागल्याची किंमत पादचाऱ्यालाही मोजावी लागते, म्हणून खर्च आणि सोय यांचा विचार सुरक्षिततेनंतरच येतो.