शी

मराठीत 'शी' हा शब्द दोन कामं करतो. लहान मूल करतं ती शी, आणि ती पाहून मोठ्यांच्या तोंडून निघतं तेही 'शी!'. वस्तू आणि तिची किळस यांना एकच अक्षर पुरवणाऱ्या या भाषेत मी मध्यंतरी एका रुग्णमाहितीपत्रकाचा अनुवाद करत होते. विषय होता निरोगी माणसाची विष्ठा आजारी माणसाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार.

प्रतिजैविकांच्या माऱ्याने आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाच्या जिवाणूला रान मोकळं मिळतं. पुन्हा औषध दिलं तरी त्याचे बीजाणू तग धरतात, जुलाब उलटतात. अशा वेळी निरोगी आतड्यातली जिवाणूंची अख्खी वस्तीच आणून वसवायची. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी ४. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

मी अडले ती एका शब्दापाशी. "'विष्ठा' लिहिलंत तर पेशंट पळतील," डॉक्टर म्हणाले. "'सूक्ष्मजीव-द्रावण' लिहा." युक्ती जुनी आहे. चौथ्या शतकात चीनच्या गे होंगने जीवघेण्या जुलाबांवर हेच औषध नोंदवलं होतं. सोळाव्या शतकात त्याला 'पिवळं सार' म्हणत. नाव ऐकून कोणीही वाटी पुढे करेल. मीही कादंबऱ्यांतल्या कितीतरी शिव्या सौम्य केल्या आहेत, तेव्हा मी काय बोलणार!

पण शिवी सौम्य केल्याने कोणी मरत नाही. २०१९ साली अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने इशारा दिला : एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन रुग्णांना औषधांना न जुमानणारा ई. कोलाय जिवाणू गेला, त्यातला एक दगावला. त्या जिवाणूसाठी विष्ठा तपासलेलीच नव्हती. आपल्या पोटात दुसऱ्या माणसाचं काहीतरी जाणार आहे हे ज्याला कळलंच नाही, त्याची संमती कशाला होती?

इतकं स्वच्छ दिसत असूनही 'विष्ठा' लिहायला माझाही हात कचरत होता, आणि तो काही रुग्णांच्या काळजीने नाही. आई बाळाची शी काढते, हात धुते, पोळ्या लाटायला बसते. तिला कोणी दाराबाहेर उभं करत नाही. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या बाईला पिढ्यान्‌पिढ्या केलं. म्हणजे किळस निव्वळ मैल्याची नव्हती. ॲमस्टरडॅमची चाचणी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी आपल्या संसदेला हाताने मैला उचलण्याविरुद्ध दुसऱ्यांदा कायदा करावा लागला. पहिला १९९३ चा. तिकडे बोस्टनजवळच्या एका विष्ठापेढीत दात्याला दर खेपेला ४० डॉलर मिळत आणि तपासण्यांच्या चाळणीतून शंभरातले जेमतेम तिघे पार पडत. तिथे देणाऱ्याची निवड होत होती. इथे उचलणाऱ्याची जन्मतःच झालेली होती.

डॉक्टरांनी सहज सांगितलं की नातेवाईक हमखास विचारतात, "दाता घरातला चालेल ना?" चालतो, घरचा दाता घेतातही. पण हा प्रश्न नक्की कशाचा? रोगाच्या भीतीचा, मायेचा, की परक्याचं, म्हणजे 'कुणाचंही', आत नको याचा? विचारणाऱ्यालाही ते सांगता येईल असं नाही. रक्तपेढीच्या पिशवीवर रक्तगट असतो, दात्याचं नाव नाही, म्हणून तिथे हा प्रश्न निदान ओठांवर येत नाही. 'द्रावण' म्हटलं तर इथेही येणार नाही, हे मला एक क्षण पटलं होतं. न विचारता गिळलं जाईल, आणि बरं वाटल्यावर विचारायची गरज उरणार नाही.

शेवटी मी लिहिलं : 'दुसऱ्या निरोगी माणसाची विष्ठा'. डॉक्टरांनी 'विष्ठा' खोडून 'मल' केलं. ते मी मान्य केलं. 'दुसऱ्या माणसाचा' हे शब्द मात्र त्यांनी दोनदा खोडले आणि मी दोनदा परत लिहिले. पत्रक अजून छापून आलेलं नाही.