दोन रोग व एक प्रश्न

मंडळीतील एखादा बंधू हृदयविकाराने अंथरुणास खिळला, म्हणजे आपण त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करितो. त्याने तंबाखू किती वर्षे खाल्ली हे विचारावयाचे आपल्या मनातही येत नाही. परंतु त्याच बंधूस एच. आय. व्ही. चा संसर्ग आहे असे कळले, की पहिला प्रश्न निघतो तो रोग कोठून आला हा. असा भेद करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? हा विचार आता अधिकच अगत्याचा झाला आहे. कारण हे दोन्ही रोग एकाच देहात एकत्र येऊ लागले आहेत.

आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून ह्या विषाणूवरील औषधे मोफत देण्यास आरंभ केला. ती नियमित घेणारा मनुष्य आज वृद्धापकाळ पाहू शकतो, ही देवाची मोठी कृपा होय. तथापि विषाणू दबला तरी शरीरात एक मंद दाह धुमसत राहतो व रक्तवाहिन्यांस आतून इजा करितो. म्हणून अशा लोकांस हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. २०२३ साली एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १२ देशांतील, त्यांत आपलाही देश आला, ७,७६९ स्त्रीपुरुष त्यात होते. रक्तातील चरबी कमी करणारी पिटाव्हास्टॅटिन नावाची गोळी रोज घेणाऱ्यांत हृदयाचा झटका, पक्षाघात इत्यादी प्रसंग, नकली गोळी घेणाऱ्यांच्या मानाने, ३५ टक्के कमी घडले.

मग गोळी घेतली म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. पण छातीत कळ येऊन नव्या डॉक्टरांपुढे बसलेल्या मनुष्याची आपला जुना रोग सांगण्यास जीभ रेटत नाही. बाहेर बाकावर त्याच्या गावचे, कदाचित त्याच्या मंडळीचेच, कोणी बसलेले असते. आणि न सांगणे जिवावर बेतू शकते. विषाणूवरील रिटोनाव्हिर चालू असता चरबीवरील सिम्व्हास्टॅटिन दिले, तर ते रक्तात फार साठते व स्नायूंची नासाडी होऊ शकते. डॉक्टरांस ठाऊकच नाही, तर त्यांचा काय दोष? जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी केलेला प्रश्न आपणही करीत आलो. प्रभूने तो प्रश्नच अमान्य केला होता, हे विसरलो.

पुष्कळ स्त्रियांस हा रोग विवाहातच लागला, कित्येकांस जन्मतःच. परंतु असे निरपराधी तेवढे निवडून त्यांच्यावरच दया करावी, हेही आम्हांस पटत नाही. तंबाखू खाणाऱ्या बंधूची आपण अशी निवड केली नव्हती.

रोग गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे. तेव्हा मंडळीने कोणास विचारू नये हे उघड आहे. पण न विचारता त्यास निर्भय कसे करावे? आम्हांस एवढेच सुचते, की उपासनेनंतर ओट्यावर हा विषय निघेल, तेव्हा ऐकणाऱ्यांत तो मनुष्य बसला आहे असे समजून बोलावे. कदाचित तो बसलेला असतोही.