आजचे चिंतन : दयाळाची हद्द

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सध्या पहाटे काकड आरतीच्या आधीच झाडाच्या शेंड्यावरून गोड शीळ ऐकू येते. तो दयाळ पक्षी. कानडीत त्याला मडिवाळ म्हणतात. बुलबुलाएवढा, नर चकचकीत काळा, पोट पांढरं, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी सारखी वर. मादीला काळ्याच्या जागी राखाडी रंग.

भागवताच्या ११व्या स्कंधात अवधूतांनी २४ गुरू सांगितले, त्यात कबुतरही आहे. दयाळ त्यात नाही, पण त्याच्याकडून शिकायला कोण अडवतंय?

थंडीत हा जवळजवळ गप्प असतो. उन्हाळा लागला की गाऊ लागतो. आपल्याला ते भजन वाटतं, पण तो दुसऱ्या नराला सांगत असतो, "इथपर्यंत माझं." कोणी आत आलाच तर अंग फुगवून, चोच वर करून समोर उभा राहतो, वेळ आली तर पिटाळतोही. म्हणजे हद्द राखणं हे पाप नव्हे.

पण राखतो कशासाठी? झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात मुळ्या, गवत, केस घालून घरटं केलेलं असतं. तीन ते पाच अंडी. मादी बारा-तेरा दिवस उबवते, हा पहारा करतो. त्या हद्दीतले किडे पिलांच्या पोटी जातात. पिलं उडाली, पावसाळा सरत आला की गाणं थांबतं. भांडणही मोसमापुरतंच.

आता आपलं बघा. निपाणीकडचे दोघे सख्खे भाऊ दर्शनाला येतात, पण एक सकाळी, एक संध्याकाळी. कारण हातभर बांध. कोर्टाच्या तारखा चालू आहेत. दोघांची पोरं एकाच शाळेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत. पाखरानं हद्द पिलांसाठी राखली, आपण हद्दीसाठी पिलं तोडली!

असा बांध कमी-जास्त आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. मोजणी करून घ्या, हक्काचं सोडू नका, पण बोलणं सोडू नका. बेंदराला भावाच्या घरी पोळी पाठवा, आणि ती पोरांच्याच हातून पाठवा.

आणि हो, भिंतीचं भोक लिंपण्याआधी आत डोकावून बघा. कुणाचा तरी संसार असेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🌹