दाराबाहेरचा बेलिफ

इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स थकला की कोर्टाच्या आदेशानंतर दारात बेलिफ येतो. 2014 च्या नियमांनी नुसत्या नोटिशीचे 75 आणि घरी येण्याचे 235 पौंड थकबाकीत घातले. म्हणजे गरिबाचे कर्ज गरिबीनेच फुगते. या करासाठी पहिल्यांदा आलेल्या बेलिफाला बळजबरीने आत शिरता येत नाही. मग दार न उघडणे ही बेइमानी काय? आम्हांला तसे वाटत नाही. घराची अब्रू राखणे वेगळे, देणे नाकारणे वेगळे. मात्र दाराआड गप्प बसणे चूक. कौन्सिलला लिहून हप्ते मागावेत. कुरआनने अडलेल्या कर्जदाराला जकातीच्या आठ हक्कदारांत गणले आहे. मग शेजाऱ्याच्या दारावरची थाप आम्ही फक्त त्याचीच शरम कशी मानावी?