नक्षत्रांमध्ये चंद्रच का?

आजचं वाचन गीतेचा दहावा अध्याय, श्लोक २१ आणि ४२.

एकविसाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, नक्षत्रांमध्ये मी चंद्र आहे. दुर्बिणीतून आकाश बघणारा माणूस इथे जरा अडखळतोच. एक तर चंद्र तारा नाही. आणि चंद्र असला की आमची रात्र फुकट! त्याच्या उजेडात तेजोमेघ, दीर्घिका सगळं पुसलं जातं. म्हणून तर सहा इंची दुर्बीण गाडीत टाकून गावी जायचं ते अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठून.

पण अर्जुनाने काय विचारलं होतं ते आधी बघा, सतराव्या श्लोकात. विश्व केवढं आहे हा त्याचा प्रश्नच नाही. सतत तुझं चिंतन करायचं तर तुला कशाकशात पाहू, असं तो विचारतोय. मग उत्तरात येतात सूर्य, समुद्र, हिमालय, पिंपळ, गंगा. बहुतेक सगळं साध्या डोळ्यांना दिसणारं. चंद्र तर लहान पोरालाही दाखवता येतो. भगवंतांनी सगळ्यात दूरचं किंवा सगळ्यात मोठं निवडलं नाही, अर्जुनाला सापडेल असं निवडलं. आणि शेवटी बेचाळिसाव्या श्लोकात म्हणतात, एवढं सगळं जाणून तुला काय करायचंय? माझ्या एका अंशाने मी हे सगळं जग धरून आहे.

हा अध्याय या वेळी मी आईसाठी वाचतोय. बाबा जाऊन आठ महिने झाले. ती रोज पूजा करते, पण मागे एकदा म्हणाली, "बसते रे, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही." यावर मला काही बोलता आलं नाही. असल्या दुःखावर श्लोकाचा अर्थ सांगत बसणं मला तरी जमत नाही.

गेल्या खेपेला तिला परसात खुर्ची टाकून दिली. आधी कृत्तिका दाखवल्या. त्या सुमारे ४४० प्रकाशवर्षं लांब. म्हणजे एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, साधारण त्या सुमाराला निघालेला उजेड आत्ता आपल्या परसात उतरतोय. आई म्हणाली, "निघालेलं पोचतं म्हणजे. वेळ लागतो."

मग देवयानी दीर्घिका. पंचवीस लाख प्रकाशवर्षं. दुर्बिणीत दिसतो तो नुसता धुरकट पुंजका, फोटोतल्यासारखं काही नाही. "कुठे काय आहे?" आई म्हणाली. तिला सांगितलं, थेट बघू नकोस, नजर जरा कडेला ठेव. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग भर उजेडात बारकावे टिपतो, पण अंधारात तो कमी पडतो. मंद प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्याच्या भोवती असतात. त्यामुळे रोखून बघितलं की पुंजका नाहीसा होतो, बाजूला बघितलं की हळूच येतो.

"हां, आहे आहे," ती म्हणाली. "बघायला गेलं की जातंय गं बाई." आणि मग उठेचना. माझी पाळी आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघर आटोपून ती बाहेर आली. बाबा रोज पाणी घालायचे त्या तुळशीपाशी पोथी घेऊन बसली, आणि चहा गार होईपर्यंत तिथेच होती.

उद्यापासून अकरावा अध्याय.