यादीबाहेरचे जीव

पांढुर्णा आणि सौंसर या आमच्या भागात संत्र्याच्या बागेची गोष्ट निघाली की किडीची गोष्ट निघतेच. कोळशीने झाड काळे पडते, लिंबावरच्या फुलपाखराची अळी कोवळी पालवी फस्त करते, आणि फळ पिकू लागले म्हणजे रात्री पतंग येऊन रस शोषून जातो. डोक्यावर कर्ज असलेल्या बागायतदाराला 'कीटकांना जपा' असे सांगणे ही थट्टाच वाटेल. तरी हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण त्यात एक नैतिक पेच आहे.

नॉर्मन मायर्स या शास्त्रज्ञाने १९८८ साली असा विचार मांडला की, साधने थोडी व संकटातले जीव पुष्कळ. तेव्हा इतरत्र कोठेही न आढळणारे जीव जेथे दाटीने राहतात आणि जेथे नाशही वेगाने चालला आहे, तेथे प्रथम धाव घ्यावी. पुढे याची कसोटी ठरली : त्या प्रदेशाखेरीज कोठे न उगवणाऱ्या किमान १५०० वनस्पती, आणि मूळच्या रानाचा ७० टक्के किंवा अधिक भाग नष्ट झालेला. आज अशी ३६ क्षेत्रे मानली जातात. मादागास्कर, फिलिपाईन्स, न्यूझीलंड ही बेटे त्यांत आहेत. आपला पश्चिम घाट व निकोबार बेटेही आहेत. आमचा सातपुडा नाही.

बेटांना हे महत्त्व का? बेटावर पोहोचलेला कीटक पिढ्यानपिढ्या एकटा राहून तेथलाच होतो. कित्येकांचे पंखही जातात. मग संकट आले तर पळायला जागा नसते. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर हाताएवढा लांब, बिनपंखी, काडीसारखा एक कीटक होता. १९१८ मध्ये तेथे एक जहाज खडकाला लागले, त्यातून उंदीर उतरले आणि थोड्याच वर्षांत तो कीटक दिसेनासा झाला. २००१ साली सुमारे २३ किलोमीटरवरच्या एका उघड्या सुळक्यावर, एका झुडपाच्या आश्रयाने, त्याच जातीचे मोजके जीव जिवंत सापडले. त्यांतल्या काहींपासून मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात त्यांचा वंश वाढविण्यात आला. पुढे २०१९ मध्ये बेटावरील उंदीर मारण्याची मोठी मोहीम झाली.

येथे मन अडखळते. एका जिवासाठी दुसरे हजारो मारावे काय? शिवाय वरील कसोटी वनस्पती मोजते, कीटक मोजीत नाही. नाव मिळालेले कीटक सुमारे दहा लाख. बिननावाचे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून जाळी व दिव्याचे सापळे लावून बेटाबेटांवरचे कीटक गोळा करणे, कोणती जात कोठे आहे याची नोंद ठेवणे, हे काम आधी करावे लागते. ज्याची गणतीच झाली नाही, त्याला न्याय कोण देणार?

काहीजण म्हणतील की निवड करणेच मुळी चूक आहे. नोहाच्या तारवात रांगणाऱ्या जिवांनाही जागा होती. तेथे कोणी यादी केली नव्हती. हे खरे, परंतु आपल्या हाती तेवढे मोठे तारू नाही. साथीत डॉक्टर अत्यवस्थ रोग्याकडे आधी जातो, याचा अर्थ उरलेल्यांच्या जिवाला मोल नाही असा होत नाही. निवड ही धाव घेण्याचा क्रम ठरविते, योग्यता ठरवीत नाही. उंदीर नीच म्हणून मारले गेले नाहीत. माणसाने नेऊन सोडलेले संकट माणसालाच निस्तरावे लागले. ते दुःखाने करावयाचे काम आहे, अभिमानाने नव्हे.

मग यादीबाहेरच्या जागांचे काय? आमच्या मते त्यांचा भार तेथे राहणाऱ्यांवर येतो. कपाशी आणि संत्र्याच्या विस्तारात बोर-बाभळीचा एखादा धुरा उरलेला असतो. मुंग्या, भुंगे, मधमाश्या यांच्या दृष्टीने ते बेटच होय. आपण तो पेटवितो, कारण तो कोणाच्या हिशेबात नाही.

पीक राखण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु न पाहता सरसकट मारण्याचा हक्क त्यातून निघत नाही. कॅलिफोर्नियाच्या संत्राबागा एका पांढऱ्या किडीने बसत चालल्या होत्या, तेव्हा १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका चिमुकल्या ढालकिड्याने त्या वाचविल्या. त्याआधी त्याची किंमत कोणाला ठाऊक होती? आणि त्या काडीकिड्याचा तर आपणांस काहीच उपयोग नाही. तरी तो पुन्हा सापडला याचा आनंद होतोच. तो आनंद खोटा म्हणता येईल काय?

तेव्हा बहार फुललेला असताना फवारणी टाळावी, औषध घेण्याआधी पान उलटून पाहावे, आणि एक धुरा तरी न जाळता ठेवावा. एवढे आपल्या हातात आहे. जगाच्या यादीत आपले नाव नाही, म्हणून आपले उत्तरदायित्व कमी होत नाही.