वचन आणि साक्ष

उतारा वाचून त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहावयाची आणि प्रत्येक उत्तरास उताऱ्यातील शब्दांचा आधार द्यावयाचा, हा परीक्षेतील प्रकार सर्वपरिचित आहे. तो केवळ गुणांपुरता आहे, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः त्यात एक नैतिक प्रश्न आहे : शब्द जसेच्या तसे उतरविले, म्हणजे उत्तर सत्य झाले काय?

उदाहरणार्थ, उताऱ्यात अशी वाक्ये आहेत असे समजावे : 'मोठे दान करणारा तो थोर, असे लोक समजतात. परंतु शिळेवर नाव कोरविण्यासाठी जो देतो, तो देत नाही, विकत घेतो.' मोठ्या दानाविषयी लेखकाचे मत काय, असा प्रश्न आहे. एक विद्यार्थी लिहितो, 'मोठे दान करणारा तो थोर, असे लेखक म्हणतो.' उद्धृत शब्दांत एक अक्षरही बदललेले नाही. तथापि उत्तर असत्य आहे. पूर्वपक्ष सिद्धान्त म्हणून पुढे आला आणि लोकांचे मत लेखकाच्या मुखी घातले गेले. दुसरा लिहितो, 'लेखकास दिखाऊ दान मान्य नाही.' हे यथार्थ आहे, परंतु निराधार आहे. परीक्षकाने ते विश्वासावर घ्यावे लागते. तिसरा 'विकत घेतो' हे दोनच शब्द घेतो आणि सांगतो की, दानाच्या मोबदल्यात कीर्ती मागितली म्हणून तो व्यवहार ठरला. दोष मोठ्या दानास नसून कीर्तीच्या अपेक्षेस आहे, हेही तो स्पष्ट करतो. येथे वचन खऱ्या अर्थाने प्रमाण झाले.

अवतरण ही साक्ष होय. साक्षीदाराचे अर्धे बोलणे तेवढे ऐकविणे, ही खोटी साक्षच. लेखक तेथे उपस्थित नसतो, त्यास खुलासा करता येत नाही. म्हणून उत्तर देणाऱ्याचे दायित्व अधिकच वाढते.

या दायित्वाची जाणीव महानुभाव वाङ्मयात प्रारंभापासून दिसते. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना विचारून. जेथे स्मरण भिन्न, तेथे सांगणाऱ्याच्या नावासह भेद नोंदला गेला. पुढे केशिराजव्यासांनी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. वचने प्रसंगापासून वेगळी झाली, तेव्हा कोणते सूत्र कोणास, कोणत्या निमित्ताने निरूपिले, हे सांगणारे प्रकरणवशही आवश्यक ठरले. प्रकरण सोडून सूत्राचा अर्थ करणारा निरूपणकार आणि 'असे लोक समजतात' हे शब्द गाळणारा विद्यार्थी, या दोघांचा दोष एकच आहे.

म्हणून उत्तर लिहिणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात : हे वचन कोणाचे, ते कोणत्या संदर्भात आले, आणि त्यावरून निष्कर्ष कसा निघतो. आपल्या मताविरुद्ध जाणारे वाक्य त्याच उताऱ्यात असेल, तर तेही लपवू नये. याने एखादा गुण कमी मिळेल, क्वचित मतही बदलावे लागेल. ते बदलण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच शास्त्रवचनास हात घालावा.